कुंकू न धरणारी गाडी

शाळेतून निवृत्त झाल्यावर मी गाडी चालवायला शिकले आणि परवाना हातात पडताच गाडी घेतली. गडद निळी, सावलीत जवळजवळ काळी दिसणारी. शोरूममधली मुलगी तीनतीनदा सांगत होती, "मॅडम, पांढरी घ्या, धूळ दिसत नाही." पण आयुष्यभर खडूची भुकटी अंगावर घेतलेल्या बाईला पांढऱ्या रंगाचं कौतुक सांगून काय उपयोग?

घरात आम्ही तिघं. नवऱ्याला गाडी चालवता येत नाही, पण शेजारच्या सीटवर बसून ब्रेक मात्र तो माझ्याआधी दाबतो. सासूबाई ब्याऐंशीच्या. शिक्षण चौथीपर्यंत, पण घरात अंतिम निर्णय त्यांचा. गाडी आली त्या दिवशी त्यांनी खाली पार्किंगमध्ये येऊन तिच्याभोवती एक फेरी मारली आणि "बरी आहे" म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं.

पंधरा दिवसांत गाडीची रया गेली. वसई पूर्वेला रस्ता कुठे ना कुठे खणलेला असतोच. त्यात आमच्या सोसायटीत गाड्या पुसणारा माणूस एका बादलीत आणि एका फडक्यात अख्खी रांग उरकायचा. माझी गाडी रांगेत शेवटची. म्हणजे तिला सगळ्यांचा चिखल थोडा थोडा मिळायचा. एका सकाळी तिरपं ऊन पडलं आणि बॉनेटवर मला कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसले. मला रडूच आलं. नवरा म्हणाला, "अगं, ती गाडी आहे, पैठणी नव्हे." त्याला पैठणीतलंही काही कळत नाही.

कुणीतरी सिरॅमिक कोटिंगचं सुचवलं, म्हणून मी गोखिवऱ्याला एका गाळ्यात गेले. दोन्ही बाजूंना पत्रे कापायचे कारखाने, आणि मध्ये हा गाळा ऑपरेशन थिएटरसारखा लख्ख. आतून तिशी उलटलेला एक माणूस हातमोजे काढत आला, माझ्याकडे बघितलं आणि एकदम ताठ उभा राहिला.

"बाई, तुम्ही?"

माझा विद्यार्थी निघाला. चेहरा लगेच ओळखला नाही, पण तो ज्या तऱ्हेने उभा होता ती ओळखीची होती. शेवटच्या बाकावरचा, विज्ञानाच्या तासाला खिडकीबाहेर बघणारा. आता त्याने हातात टॉर्च घेतला, माझ्या गाडीच्या अंगावरून फिरवला आणि डॉक्टर बोलतात तशा हळू आवाजात म्हणाला, "बाई, गाडी नवीन आहे, पण रंग दमलाय."

मग त्याने मला समजावून सांगितलं. आधी रंगावर रुतलेले बारीक कण उचलायचे, मग मशीनने पॉलिश करून ओरखडे काढायचे, मग सिलिकाचा एक पातळ थर द्यायचा. तो रंगाला धरून बसतो आणि त्यावर पाणी टिकत नाही. रेणू, बंध, पृष्ठताण असे शब्द तो बोलत होता. हेच शब्द मी त्याच्या डोक्यात घालायचा वर्षभर प्रयत्न केला होता. मी विचारलं, "हे सगळं तुला वर्गात का नाही आलं?"

"वर्गात गाडी नव्हती ना, बाई."

तीन दिवसांनी गाडी न्यायला गेले. गाडी कसली, तो निळा डोह होता. त्यात गाळ्याचे पत्रे, छतावरची ट्यूबलाइट आणि माझे पांढरे केस सगळं स्पष्ट दिसत होतं. त्याने मला सूचनांचा एक कागद दिला आणि वर तोंडीही बजावलं. "बाई, थर पूर्ण घट्ट व्हायला सात दिवस लागतात. सात दिवस पाणी नाही, शाम्पू नाही, वरून कव्हर नाही. गाडी पार्किंगमध्ये छताखालीच ठेवा. कावळ्याने काही केलं तर लगेच उचला, वाळू देऊ नका. थोडक्यात, कशाचाच डाग पडू द्यायचा नाही."

"सूचना नीट वाचा" हे वाक्य मी हजारो मुलांना सांगितलंय. मी त्या कागदातल्या महत्त्वाच्या ओळी लाल पेनाने अधोरेखित केल्या आणि कागद फ्रिजवर लावला. गाड्या पुसणाऱ्याला सांगितलं की सात दिवस माझ्या गाडीकडे बघायचंसुद्धा नाही. तो दुखावला. "बाई, माझं फडकं स्वच्छ असतं," असं म्हणत त्याने फडकं पिळून दाखवलं. जे पाणी निघालं त्याबद्दल आम्ही दोघंही काही बोललो नाही.

घरी दोन दिवस शांततेत गेले. मग जेवताना सासूबाईंनी विचारलं, "गाडीची पूजा अजून राहिलीय. कधी करायची?"

"आई, पाच दिवस थांबा. मग करू."

त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयाकडे बोट केलं. "परवा अनंत चतुर्दशी. मग पितृपक्ष. आणखी पंधरवडाभर बिनपूजेची गाडी फिरवणार? आणि मला त्यात बसवणार?"

मी नवऱ्याकडे बघितलं. तो आमटीत काहीतरी शोधत होता.

मी बाल्कनीत जाऊन विद्यार्थ्याला फोन लावला. "हळदीकुंकवाचं स्वस्तिक काढलं तर चालेल का रे?"

तिकडे मशीन बंद झाल्याचा आवाज आला. मग त्याने विचारलं, "ओलं की कोरडं?"

"ओलंच असतं."

"बाई, बॉनेटवर नको. समोरच्या काचेवर काढा. काचेला आपण काही लावलेलं नाही."

मी ही तडजोड सासूबाईंपुढे मांडली. त्यांनी थोडा विचार केला. "म्हणजे घराच्या उंबरठ्यावर रांगोळी न काढता खिडकीवर काढायची," त्या म्हणाल्या. "ठीक आहे. हल्ली तसंही असेल." कबूल केलं, पण मनापासून नाही, हे मला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निर्मळला निघालो. लग्न होऊन वसईत आल्यापासून सासूबाईंच्या सगळ्या नव्या गोष्टी निर्मळच्या देवळातच जातात. फ्रिजसुद्धा फोटोच्या रूपाने जाऊन आला होता. पूल ओलांडून पश्चिमेला आलो तशी मी गाडी इतकी जपून चालवत होते की केळीचे घड लादलेल्या सायकली आम्हाला मागे टाकत होत्या. आभाळ भरून आलं होतं. मी मनातल्या मनात पावसाला दम देत होते, नवरा ब्रेक दाबत होता आणि सासूबाई मागे मांडीवर नारळ घेऊन बसल्या होत्या.

देवळाबाहेर गुरुजी आले. त्यांच्यापुढे आधीच एक टेम्पो आणि दोन स्कूटर होत्या, त्यामुळे त्यांचा हात वेगात होता. मी गाडीतून उतरून काचेचं सांगणार, तेवढ्यात त्यांनी बोट कुंकवात बुडवून बॉनेटवर उभी रेघ ओढलीसुद्धा.

"थांबा!"

हा माझा वर्गातला आवाज. निवृत्तीनंतर मी तो वापरला नव्हता. गुरुजींचा हात हवेत थांबला. टेम्पोवाला थांबला. फुलं विकणारी बाई सुटे देता देता थांबली. रस्त्यावरचा एक स्कूटरवाला कारण नसताना पाय टेकून उभा राहिला.

"काचेवर काढा," मी म्हटलं. "इथे नको. इथे... लेप आहे."

"गाडीला लेप?" गुरुजींनी विचारलं. "लागलंय का कुठे?"

नवऱ्याने समजावायचा प्रयत्न केला, पण त्यालाच ते समजलेलं नव्हतं. मी ती रेघ टिपायला पर्समधून मऊ कापड काढलं, तशा सासूबाई गाडीतून उतरल्या. "हात लावू नकोस. अर्धं स्वस्तिक पुसायचं नसतं. आता पुरं करायचं."

गुरुजींनी मान डोलावली. "आजींचं बरोबर आहे. हे असं सोडून मी पुढच्या गाडीला हात कसा लावू?"

मागे एक नवी रिक्षा येऊन उभी राहिली. तिचा मालक घड्याळ बघायला लागला. मी हरले. "काढा," म्हटलं. आणि तेव्हा आमच्या लक्षात आलं की काढलेली रेघ जागेवर नाही.

ती गोळा झाली होती. लाल पाण्याचे मोत्यासारखे थेंब बनले होते आणि ते एकेक करून घरंगळत नंबराच्या पाटीकडे निघाले होते. गुरुजींनी पुन्हा रेघ ओढली. पुन्हा थेंब झाले, पुन्हा घरंगळले. त्यांनी हळद दाट कालवून घेतली. तीही नुसती सरकत होती. तीस-चाळीस वर्षांत किती गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्या असतील, पण अशी गाडी त्यांनी बघितली नव्हती. त्यांनी बोट धोतराला पुसलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "कुंकू धरत नाही हो."

सासूबाईंचा चेहरा उतरला. "कुंकू न धरणारी गाडी आपल्याच नशिबी?"

मी पुढे झाले. "आई, यात अशुभ काही नाही. हे साधं विज्ञान आहे. पाण्याचे रेणू एकमेकांना ओढून धरतात, आणि हा पृष्ठभाग त्यांना..." मी हाताने थेंबाचा कोन दाखवत होते. टेम्पोवाला लक्ष देऊन ऐकत होता, बाकी कुणीही नाही. खरं सांगायचं तर माझ्या मनात त्या वेळी दोन गोष्टी एकदम चालल्या होत्या. स्वस्तिक होत नाही म्हणून मी ओशाळले होते, आणि थर इतका सुरेख बसलाय म्हणून आतून गुदगुल्या होत होत्या.

फुलवाली म्हणाली, "पानी ठरतच नाय त्याच्यावर. आलवाच्या पानागत झालंय."

सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं, मग बॉनेटकडे, मग गुरुजींकडे. "गुरुजी, गणपतीला शेंदूर कशात कालवता?"

"तेलात."

"पाण्यात का नाही?"

"पाण्यात कसा बसेल..." गुरुजी बोलता बोलता थांबले.

ते आत गेले आणि समईतलं तेल वाटीत घेऊन आले. त्यात कुंकू कालवलं. सासूबाई मला म्हणाल्या, "तू काढ. गाडी तुझी आहे." मी त्या तेलकट लाल लेपात बोट बुडवून स्वस्तिक काढलं. एकदम ठसठशीत बसलं. चार टिंबंही बसली. इतकी वर्षं विज्ञान शिकवून मला तेल आठवलं नव्हतं, हे माझं मलाच इतकं लागलं की नारळ फोडताना पाणी बंपरवर उडालं तरी मी ओरडले नाही. रिक्षाच्या मालकाने मात्र गुरुजींना विचारून घेतलं, "माझ्या रिक्षाला साधं पाण्याचंच बसेल ना?"

स्वस्तिक दुसऱ्या दिवसापर्यंत पुसायचं नाही, असं फर्मान निघालं. मी पुसलं तेव्हा ते निघालं, पण पूर्ण नाही. सात दिवस झाल्यावर गोखिवऱ्याला गेले. विद्यार्थ्याने टॉर्च तिरपा धरला आणि म्हणाला, "बाई, छापलंय." अगदी फिकट, गुलाबीसर, एका विशिष्ट कोनातूनच दिसणारं स्वस्तिक. "एवढा भाग पॉलिश करून परत थर देतो. अर्ध्या दिवसाचं काम आहे."

"आत्ता नको," मी म्हटलं. सासूबाईंना काय सांगायचं ते ठरत नव्हतं. पूजेचं स्वस्तिक मशीनने घासून काढणार, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? तीन आठवडे मी ते मनातच ठेवलं. दर रविवारी गाडी धुवायचे. एक बादली शाम्पूची, दुसरी हातमोजा खळबळायला, आणि टँकरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात म्हणून शेवटचा हात फिल्टरच्या पाण्याचा. नवऱ्याला प्यायला पाणी कमी का पडतं ते त्याला अजून माहीत नाही. सोसायटीतले लोक गॅलरीतून बघायचे. गाड्या पुसणारा जवळ येऊन उभा राहायचा आणि एकदा त्याने माझ्याकडून एक जुनं मऊ कापड मागून नेलं. आमचं तेवढ्यावर मिटलं. आणि दर रविवारी बॉनेट पुसताना ते स्वस्तिक मला दिसायचं, आणि मी पुढे सरकायचे.

शेवटी दसऱ्याच्या आधी धीर केला. "आई, ते स्वस्तिक गाडीवर उमटून राहिलंय. माझा विद्यार्थी पुसून देतो म्हणतो. पुसू का?"

त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पूजा झाली ना? मग डाग कशाला ठेवलास इतके दिवस?"



गोखिवऱ्याला त्याही आल्या. "तेलाचं ज्यांना सुचलं त्या याच," अशी मी ओळख करून दिली, तर विद्यार्थी वाकून पाया पडला आणि त्यांच्यासाठी खुर्ची घेऊन आला. मशीन फिरताना त्या अर्धा दिवस हलल्या नाहीत. डाग गेला, नवा थर चढला, बॉनेटमध्ये त्यांचा चेहरा दिसायला लागला. त्यांनी पदर सारखा केला. मग पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली पितळेची समई काढली. ती त्यांनी घरातून आणली होती, हे मलाही ठाऊक नव्हतं.

"हिला लावता येईल का तुझं ते? आठ दिवसांत काळी पडते."

त्याने समई टॉर्चखाली धरून सगळ्या बाजूंनी तपासली. "आजी, वर ज्योत असते, तिथे नको. दांड्याला आणि बुडाला लावतो. पण सात दिवस पेटवायची नाही."

देवापुढे सात दिवस समई नाही, हे घरात कधी झालेलं नव्हतं.

"सात दिवस दुसरी लावू," सासूबाई म्हणाल्या. "तू नीट कर."

आता त्या समईला घरात कुणीही हात लावत नाही. चिंचेने घासायची बंदी आहे, राखेची बंदी आहे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईने एकदा सवयीने ती घासायला घेतली, तर सासूबाईंनी आतल्या खोलीतून जो "थांब!" केला, तो खाली पार्किंगपर्यंत ऐकू आला.