मधल्या देशाचं काय?

माझी भाची परदेशात शिकते. तिचं काम असं, समुद्रात पवनचक्क्या उभ्या करायच्या आणि शेजारशेजारच्या तीन देशांनी ती वीज वाटून घ्यायची. मग चक्क्या कुठे, किती, केबल कुठून न्यायची, हे ती कॉम्प्युटरवर आधी मांडून बघते. आता सोलापुरात समुद्र कुठला! पण उन्हाळ्यात ती माझ्याकडे राहिली, तेव्हा घरात दुसरा विषयच नव्हता.

एक दिवस बघते तर पोरगी नुसती भाकरी कुस्करत बसलेली.

"मावशी, तिघांचा मिळून खर्च कमी येतो, कोळसाही कमी जळतो. पण मधल्या देशात वीज महागते. त्याची स्वस्त वीज शेजारी ओढून नेतात, वर केबलही त्याच्याच समुद्रातून."

"मग सांग की तसं."

"सर म्हणतात, तिघांची एकूण बेरीजच दाखव. संध्याकाळी कॉम्प्युटरवरून तिन्ही देशांच्या माणसांसमोर मांडायचंय. हे दाखवलं आणि काम परत आलं, तर पुढच्या वर्षाचे पैसे मिळतील का नाही, कुणास ठाऊक."

मी तिला ताक वाढलं.

दुपारी आम्ही दोघी शेजारणीच्या गच्चीवर कुरडया उलटायला गेलो. बोळातल्या सगळ्यांच्या कुरडया दरवर्षी तिच्याकडेच वाळतात, ऊन चांगलं लागतं ना तिथे. बाई कर्नाटकच्या हद्दीवरल्या दुधनीकडची, मनाने लोणी. पण त्या दिवशी आम्ही जिना चढतो न चढतो तोच कडाडली.

"या, या! कुरडया तुमच्या, गच्ची माझी! आमी रात्री झोपायचं कुटं? सासरा खाली खोलीत उकडून निघालाय की!"

"अगं, तुला वाटा देतोच ना आम्ही?"

"कुरडईवर झोपू काय, अक्का?"

मला हसूच फुटलं. भाची मात्र हसली नाही. तिने वाळत आलेल्या कुरडयांची एक चादर अलगद उचलली आणि म्हणाली, "काकू, ही आमच्या बाल्कनीत नेते." जिना उतरताना स्वतःशीच पुटपुटली, "मधल्या देशाचं असंच."

संध्याकाळी ती कॉम्प्युटरपुढे बसली. मी दाराशी मेथी निवडत होते. इंग्रजी मला कळत नाही, पण पडद्यावर तीन पट्ट्या दिसल्या, दोन हिरव्या आणि मधली लालभडक. म्हणजे दाखवलं हिने! पलीकडून एक बाई बोलायला लागली, तिच्यावर दुसरा कुणी, आणि असा गलका उडाला की मंडई परवडली.

बाहेर आली ती घामाने निथळत.

"कोण गं ती बाई?"

"मधल्या देशातली. म्हणाली, असं असेल तर आम्ही करारावर सही करणार नाही."

"अगं बाई! आणि सर?"

"म्हणाले, पुन्हा मांड. बाकीच्या दोघांनी तिच्या देशाला काय भरून द्यायचं, ते धरून."

"आणि पुढचं वर्ष?"

"त्याचं काही बोलले नाहीत."

तिने तोंडावर पाणी मारलं, पदराला तोंड पुसलं, तेही माझ्याच, आणि परत आत जाऊन बसली.

"मावशी, चहा टाक की," आतून शेजारणीच्या थाटात आवाज आला, "लई काम हाय."