बंद पंख्याखाली

नवऱ्याच्या नाकाच्या शेंड्यावर घामाचा थेंब आलाय, पण त्याला पुसायची शुद्ध नाही. जेवणाच्या टेबलावर तो मनगटी घड्याळ जुळवतोय. बारीक स्क्रू उडतील म्हणून भर उन्हाळ्यात पंखा बंद, आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन गुपचूप जेवतोय. छंद एकाचा असतो, त्याची शांतता मात्र सगळ्या घराकडून वसूल होते. त्या चिमुकल्या चाकांना वारा लागू नये म्हणून इतकं जपणाऱ्याला आमचा घाम दिसत नाही. डोळ्याला भिंग लावूनही.

शेवटी त्याने घड्याळ माझ्या कानाशी धरलं. "ऐक, चालायला लागलं."

टिकटिक खरंच सुरेख होती.

"छान. आता पंखा लावू?"

"अगं थांब, मागचं झाकण राहिलंय अजून."

मी बटण दाबलं.