राणीचा पार्ट

हे माझ्या बायकोलाही ठाऊक नाही. तिला सांगितलं तर ती हसत सुटेल, आणि खरं सांगायचं ते राहूनच जाईल — म्हणून तुम्हाला सांगतो.

२००५ साली अमेरिकेत, टेक्सासमधल्या अर्विंगच्या आमच्या मराठी मंडळानं चारशे वर्षांपूर्वीचं एक इंग्रजी नाटक मराठीत करायला घेतलं. दिग्दर्शक मी. त्या काळाचा इतिहास मी भरपूर वाचलेला, त्यामुळे तालमीआधी सगळ्यांना पिळायचो — तेव्हाचं लंडन, तिथली नाटकघरं, तासन्‌तास उभं राहून बघणारे लोक. बिचारे ऐकून घ्यायचे.

राणीच्या पार्टसाठी वैशालीनं वाचून दाखवलं. नागपूरची, नवऱ्याच्या व्हिसावर आलेली. नोकरीची परवानगी नाही, दिवसभर अपार्टमेंटमध्ये एकटी. नाटक म्हटल्यावर पहिल्यांदा खुललेली दिसली. आणि वाचलं असं की — काय सांगू? सगळ्यांनी टाळ्याच वाजवल्या. माझ्या मात्र पोटात दुखायला लागलं.

कारण ती राणी मला करायची होती. हसू नका! आपल्या संगीत नाटकांतल्या पुरुषांनी शालू नेसून कशी नाट्यगृहं जिंकली, हे ऐकतच मी वाढलो. एकदा तरी आपणही — हे वेड होतंच डोक्यात.

मग काढला इतिहास. म्हटलं, तेव्हा इंग्लंडात बायका रंगभूमीवर नसायच्याच, आपणही ऑथेंटिक करू या. परदेशात आम्ही ‘ऑथेंटिक’ म्हटलं की लगेच विरघळतो. माना डोलल्या. वैशालीला प्रॉम्प्टिंग दिलं.

खोटं बोललो का? नाही — अर्धं बोललो. राण्या व्हायची ती आवाजही न फुटलेली पोरं. मी बेचाळिशीचा, पोट सुटलेला. हे मला पक्कं माहीत होतं, आणि मी ते गिळलं.

ती रुसली? छे. उलट मला चालायला शिकवलं. “सुहासदादा, राणी आहे हो ती, बस पकडायला नाही निघाली!”

प्रयोग तुफान झाला. लोक उभे राहिले. ती विंगेत, हातात संहिता घेऊन. पुढच्या वर्षी ती दोघं नागपूरला परतली. इथल्या स्टेजवर ती एकदाही आली नाही.

आता तुम्हाला वाटेल, हा माणूस पश्चात्तापानं जळत असेल. नाही हो. तो प्रयोग आठवला की आजही मला सुख वाटतं. टाळ्या तिच्या होत्या, हे तेव्हाही कळत होतं, वाजत असतानाच कळत होतं — आणि तरी मी पडद्यापुढे पुन्हा एकदा जाऊन वाकलो.