माझ्या वजनाची फळी

मुलगी बँकेत लागली आणि तिला पहिलंच गाव मिळालं मालवण. दिवाळीनंतर आम्ही नवराबायको नांदेडहून तिच्याकडे गेलो. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "आई, उद्यापासून सर्फिंग शिकायचं. दोघींची नावं देऊन आलेय."

मी एकोणपन्नास वर्षांची, शाळेत भूगोल शिकवते. लाट कशी तयार होते ते कितीदा फळ्यावर काढून दाखवलं असेल. समुद्रात मात्र गुडघ्यापुढे गेले नव्हते. पोहणं तेवढं येत होतं, तेही तीनच वर्षांपासून. नांदेडच्या जलतरण तलावावर दुपारची बायकांची बॅच होती, तिथं शिकले.

किनाऱ्यावर शिकवणारी मुलगी पंचविशीची, तिथल्याच मच्छीमाराच्या घरातली. तिने फळ्या वाळूत मांडून ठेवल्या होत्या. एक पांढरी, अरुंद, टोकदार. शेजारी एक निळी, नऊ फूट लांब, चांगली रुंद, मऊ फोमची, कडा कुरतडल्यासारख्या झालेल्या. दोन तरुणी तशाच पांढऱ्या फळ्या काखेत मारून ऐटीत पाण्याकडे निघाल्या होत्या. मी पांढरीवर हात ठेवला.

"काकू, वजन किती तुमचं?"

"बहात्तर," मी हळूच सांगितलं.

"मग निळी घ्या. पांढरी तुम्हाला तोलणार नाही."

"मला पोहता येतं."

"पोहण्याचा प्रश्न नाही हो," ती हसली. "बरं, बघा घेऊन."

तासभर मी नुसती पडत होते. पोटावर झोपले की फळी पाण्याखाली जायची, जरा कलले की उलटायची. माझी मुलगी दुसऱ्या एका मोठ्या फळीवर गुडघ्यांवर उठायला लागली होती. माझ्या नाकातोंडात पाणी गेलं, कोपर सोलवटलं. शेवटी फळी ओढत बाहेर आले. डोळे लाल झाले होते, पण ते खाऱ्या पाण्याने असतील असंच सगळ्यांना वाटलं.

संध्याकाळी औशाहून थोरल्या भावाचा फोन आला. "काय करून राहिलीस?"

"समुद्रात फळीवर उभं राहायला शिकून राहिले."

"तुला कुठं पोहता येतं? विहिरीत तर कधी उतरली न्हाईस."

"उतरू कुणी दिलं, दादा? काका तुम्हा पोरांच्या पाठीला रिकामा डबा बांधून ढकलायचे, अन् मी वर कपडे सांभाळायचे."

तो म्हणाला, "हाव. खरं हाय." मग त्याने विचारलं, "फळी केवढी घेतलीस?"

मी सांगितलं.

"पहिल्या दिवशी मी बी हट्टानं बारका डबा बांधून घेतला व्हता. लई पाणी प्यालो. मग काकांनी तेलाचा मोठा डबा बांधला. मोठीच घे."

रात्री मी त्याचाच विचार करत होते. नवशिक्याची वस्तू हातात घेतली की आपण नवशिके आहोत हे चारचौघांत कबूल होतं. घरात, शाळेत सगळे आपल्याला विचारून करतात, त्या वयात हे जड जातं. निळी फळी मला कुरूप वाटली नव्हती. लाजच वाटली होती.

सकाळी मी न विचारता निळी उचलली. काखेत मावेना, म्हणून नवऱ्याने मागचं टोक धरलं. शिकवणारीने फळीचा पट्टा माझ्या घोट्याला बांधला आणि कमरेएवढ्या पाण्यात नेऊन मला किनाऱ्याकडे तोंड करून फळीवर पालथं झोपवलं. पहिल्या दोन लाटा तशाच गेल्या. तिसरीला तिने मागून ढकललं, "उठा काकू!" मी गुडघे ओढून घेतले, हात सोडले आणि उभी राहिले. क्षणभर किनारा माझ्याकडे धावत आला. मग मी आडवी झाले, पण तोवर ओरडून घसा बसला होता.

शेवटच्या दिवशी तिने आम्हाला जरा लहान फळी देऊ केली. माझ्या मुलीने घेतली, मी नको म्हटलं. सकाळभर आम्ही दोघी शेजारी शेजारी पाण्यावर पडून लाटांची वाट बघत राहिलो. नवरा काठावरून हात हलवत होता. आम्हाला वाटलं, कौतुक करतोय. बाहेर आल्यावर कळलं, तो केव्हाचा जेवायला बोलावत होता.