शेजारची सीट

माझी थोरली बहीण आयरीना गेली त्याला वर्ष होत आलं, आणि तिच्या नवऱ्याशी, लेनर्डभाऊजींशी, मी अजून धड बोलत नाही. लोक म्हणतात, वांडा, सोड आता. कशी सोडू?

भाऊजींनी जन्मभर मोटारींच्या कारखान्यात दारं बसवली. तरुणपणी सत्तावन्न सालच्या थंडरबर्ड त्यांच्या हाताखालून जायच्या, उघड्या टपाच्या, दोनच सीटच्या. स्वतः घरी यायचे बसने. रिटायर झाल्यावर कुणाच्या तरी कोठारातून तसलाच एक गंजका सांगाडा ओढून आणला आणि गॅरेजमध्ये घातला. कित्येक वर्षं दोघं त्याच्यामागे खपली. क्रोम सगळं ताईने जुन्या टूथब्रशने घासलं. मूलबाळ नव्हतं. "दोनच सीट? मग ही आमचीच गाडी," असं हसत म्हणायची.

गाडी झाली. फिकट निळी, आतून पांढऱ्या रेक्झिनची. पण आमच्या मिशिगनमध्ये जुन्या गाड्यांच्या शौकिनांचं एक खूळ आहे. प्रदर्शनात परीक्षक गुण देतात आणि टायरला खडा चिकटलेला दिसला तरी कापतात. म्हणून गाडी रस्त्यावर आणायचीच नाही. ट्रेलरवर चढवून न्यायची, पुसायची, तशीच परत आणायची. भाऊजी स्वतः चालवायला बसत तेव्हासुद्धा खाली चादर घालून, आणि ते ट्रेलरवर चढवण्यापुरतंच. शेजारची सीट तर कोरी करकरीत.

जुलैत डॉक्टरांनी हात टेकले. पोटाचा कॅन्सर पसरला होता. ताई म्हणाली, "लेन, एकदा मला तळ्यापर्यंत ने. टप उघडून."

"सप्टेंबरचं प्रदर्शन होऊ दे, मग रोज नेतो. सीटला एकदा घडी पडली की जात नाही गं."

मी त्यांना स्वयंपाकघरात गाठलं. "भाऊजी, ती सप्टेंबर बघणार आहे का?"

"अभद्र बोलू नकोस." सुपाचं भांडं ढवळत होते, तिच्यासाठी. "आत्ता नेलं तर शेवटचं म्हणून नेल्यासारखं होईल. मी नाही नेणार."

वाईट माणूस असता तर बरं झालं असतं. तिला न्हाऊ घालायचे, भरवायचे, रात्र रात्र पाय चेपत बसायचे. आणि तेवढं एक मागितलेलं देईनात. मला त्यांचा इतका संताप आला होता की कोबीचे रोल करून नेले तेही त्यांच्यासमोर आदळले.

एका दुपारी ताई घरात दिसेना. गॅरेजमध्ये सापडली. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल, काळा चष्मा. स्वयंपाकघरातली खुर्ची तिने गाडीच्या दाराला लावून ठेवली होती आणि तिच्यावर बसून समोर बघत होती.

"हे काय गं?"

"फिरायला निघालेय," ती म्हणाली. "गप्प बस, वारा लागू दे."

ऑगस्टच्या मध्यावर ती गेली.

प्रदर्शनाला भाऊजींना एकटं पाठवायला मन धजेना, म्हणून गेले. परीक्षक म्हातारा होता, मृदू बोलणारा. टॉर्च घेऊन वाकला, शेजारच्या सीटवरून हलकेच बोट फिरवलं.

"इथे कधी कुणी बसलेलं नाही, हो ना?"

भाऊजी फडकं घेऊन आधीच लखलखीत असलेलं दार पुसायला लागले. मीच म्हणाले, "नाही. कुणी नाही."

"वा. पूर्ण गुण."

पहिलं बक्षीस मिळालं. लोक टाळ्या वाजवत होते आणि भाऊजी गाडीच्या दाराला धरून उभे होते.

घरी आलो तर भुरभुर पाऊस. ट्रेलरवर गाडीचा टप उघडाच होता. मी गॅरेजचं दार वर केलं. आत काही नव्हतं, फक्त ती खुर्ची, ताईने ठेवली होती तिथेच.

"भाऊजी, खुर्ची बाजूला करा, गाडी आत घ्या. सीट भिजतेय."

त्यांनी खुर्चीकडे बघितलं आणि दार खाली ओढलं.

"आत जागा नाही, वांडा," ते म्हणाले.