सरांच्या डिस्कचं कुलूप

मला शाळेत गणित शिकवलेले सर पेठ वडगावहून एसटीनं माझ्या कोल्हापुरातल्या कॉम्प्युटरच्या दुकानात यायचे. हातात रुमालात गुंडाळलेली एक छोटी डिस्क. सरांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकूंच्या, आजारपणात काढलेले व्हिडिओ तिच्यात होते. औषधांनी काकूंचे केस गेलेले, म्हणून त्यांनी बजावलं होतं, "कुणाला दाखवायचं न्हाय हं." त्या गेल्या आणि वर्षभरात सर पासवर्ड विसरले. खरं तर बरंच काही विसरायला लागले होते.

"आवाज कसा होता तिचा, त्येच आठवंना बघ," एकदा म्हणाले.

डिस्क मीच विकलेली, तीही छाती ठोकून. "सर, पासवर्डबिगर ब्रह्मदेव आला तरी उघडणार न्हाय!" आतली चिपच सगळं कुलूपबंद करते, एवढं खोक्यावर वाचून मारलेली फुशारकी.

मग हट्टानं खोदून खोदून वाचलं आणि कपाळावर हात मारला. या जुन्या मॉडेलात पासवर्डचा आणि कुलूप उघडणाऱ्या आतल्या किल्लीचा काही संबंधच नव्हता! पासवर्ड बरोबर की चूक, एवढंच चिप बघायची. किल्ली आधीच तिच्याजवळ पडलेली. म्हणजे 'काहीही आलं तरी बरोबर म्हण' असं चिपला पढवलं की काम फत्ते. असलं कुलूप मी माझ्या सरांच्या गळ्यात मारलं होतं!

डिस्क चार दिवस ठेवून घेतली, खटपट केली, जमलं. एकही व्हिडिओ उघडून बघितला नाही. पण सरांना काय सांगू? तुम्हाला आठवंना म्हणून मी फोडलं? जीभ रेटेना. पुढच्या खेपेला ते आले तेव्हा डिस्क लॅपटॉपला जोडली आणि म्हटलं, "सर, एकदा अजून टाकून बघा की."

"तिकडं तोंड कर लेका! पासवर्ड हाय त्यो," वर्गात खेकसायचे तसेच खेकसले.

त्या कुलपाला आता काहीही चालणार होतं. तरी मी भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. मागं बटणं वाजली, एकेक, थांबत थांबत.

"उघडलं! आठवलं की रं मला!"

मी भिंतीकडंच तोंड ठेवलं. डोळे भरून आले होते. तेवढ्यात पाठीमागनं काकूंचा आवाज आला, "अहो, बंद करा की ते."

"र्‍हाऊ दे गं," सर म्हणाले, "बोल की अजून जरा."