कुसुम त्या सिनेमाला हसली होती

"आजी, ममा गेली..." रिया फोनवर मराठीत बोलली, तेव्हा आधी मला आवाजच ओळखू येईना. ही पोरगी लहानपणापासून उत्तर देणार ते इंग्रजीत. महिना होऊन गेला त्याला. तिची आई कुसुम दुबईत, अल बर्शात आमच्या समोरच्या दारात राहायची, मला काकू म्हणायची. खरं तर तिनं माझ्यावर लिहायचं, असं तिचं वय. पण आता मीच लिहिते, आणि शाळा फारशी नाही झाली माझी, तेव्हा बोलते तसंच लिहिणार.

मंदीची वर्षं होती ती. नोकऱ्या जाऊन बिल्डिंगमधली एकेक घरं रिकामी होत होती, उरलेले पैसा जपून वापरत होते. बाहेर जाणं परवडेना, म्हणून शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी चार घरं आमच्या हॉलमध्ये सिनेमा बघायला जमायची. एकदा माझ्या मुलानं ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचा सिनेमा आणला, नाचगाण्यांचा, हसताखेळता. त्यात टाय लावलेला जाडा सरकारी साहेब वस्तीला वाटलेली ब्लँकेटं मोजायला येतो, आणि बायका त्याला गाण्यात अशा घोळात घेतात, की तोच ब्लँकेट पांघरून नाचायला लागतो! कुसुम हसून हसून लोळली. आमच्या मराठी मंडळाचे अध्यक्ष देशमुख मात्र तापले. "यांच्या जमिनी घेतल्या, पोरं हिसकावून नेली, आणि हे गाणी कसली म्हणतात? थट्टा आहे ही!" त्यांची बायको म्हणाली, "अहो, हसू द्या की जरा. घरोघरी रडं कमी आहे का?" मला दोघांचंही पटलं. अजूनही पटतं... म्हणून तर जिवाला घोर.

पुढे गणपतीत मुलांचा 'आदिवासी डान्स' ठरला. हिरव्या कागदाच्या पानांचे घागरे, तोंडाला काळा रंग, हातात भाले. रिया दोन वेण्या घालून पहिल्या रांगेत, त्यामुळे स्वारी हवेत! तालमीला रंगाची डबी उघडली आणि कुसुम उठली. "तोंडं नाही रंगवायची."

"अगं, त्या दिवशी सगळ्यात जास्त तूच हसलीस ना?" देशमुखवहिनींनी टोमणा मारलाच.

"हसले वहिनी. तिथं त्या बायका साहेबाला हसत होत्या. इथं आपण कुणाला हसतोय?" मग म्हणाली, "मी वारली आहे, डहाणूकडची. आमच्यात कोणी पानं नेसत नाही. तारपा वाजवतात ना, भोपळ्याचा, त्यावरचा नाच मी शिकवते की पोरांना, मजेचा असतो."

इतकी वर्षं दुबईत राहून तिनं हे कुणाला सांगितलं नव्हतं. कुणीतरी रंगाची डबी बंद केली. शेवटी देशमुख म्हणाले, "खलास, वाद नको. नाचच रद्द." वाईट नव्हते हो ते, पण तिचं 'शिकवते' कुणाच्या कानातच शिरलं नाही. त्यानंतर ती आली की बायका विनोद अर्धा सोडून गंभीर व्हायच्या. "काकू, सगळे माझ्याशी आजाऱ्यासारखं बोलतात," म्हणायची. पण खरा घाव घरातला होता. "ममा, यू स्पॉइल्ड इट," म्हणून रिया रुसली, आणि पुढे आईच्या माहेराचा विषय निघाला की खोलीचं दार लावून घ्यायला लागली. कॉलेज झालं, अबुधाबीत नोकरी लागली, तरी ते दार काही उघडलं नाही. कुसुम वाट बघत राहिली.

गेल्या आठवड्यात फ्लॅट सोडायचा म्हणून रियानं मला बोलावलं. इथे भिंती पांढऱ्या करूनच चावी परत द्यायची. बेडरूमच्या भिंतीवर कुसुमनं गेरू लावून तांदळाच्या पिठानं तारप्याचा नाच काढलेला. रंगारी बादली घेऊन उभा. रिया जवळ गेली. बहुधा पहिल्यांदाच. फेरात एकमेकांच्या कमरेत हात घालून माणसं नाचतायत, आणि मध्येच एक टाय लावलेला जाडा साहेब, पाय चुकून धपकन पडलेला! शेजारी दोन वेण्यांची बारकी पोर त्याला हात देतेय. रियाला फस्सकन हसू आलं. लगेच तोंडावर हात ठेवून तिनं माझ्याकडे पाहिलं.

"आजी... हसलं तर चालतं?"

ते कुसुमला विचारायचं. सांगणारी गेली. मी नुसतं रंगाऱ्याला म्हटलं, "भैया, आज रहने दो."